नवव्या मजल्यावरचा कॉल

दार उघडलं आणि मेकॅनिकने गळ्यात लोंबणारा धुळीचा मास्क झटकन नाकावर ओढला.

"फ्रिजवाले ना? या. सकाळपासून फरशी पुसतेय. कंबरडं मोडलं माझं," दारातली बाई म्हणाली.

आवाज तोच होता, गेल्या आठवड्यात फोनवर ऐकलेला. चेहराही तोच, आपल्या मुलीच्या मोबाइलवर फोटोत पाहिलेला. ती आत वळली तसा मागचा हिरवा सोफा दिसला आणि उरलीसुरली शंकाही फिटली. याच सोफ्यावर स्वतःच्या मुलाशेजारी बसून तिने तो फोटो काढून घेतला होता. तो मुलगा म्हणजे मेकॅनिकचा होणारा जावई.

येत्या रविवारी दोन्ही घरं पहिल्यांदा भेटणार होती, तिच्याकडे; पत्ता तेवढा अजून यायचा होता. आणि आज हा तिच्या दारात उभा होता, पाठीवर कंपनीचं नाव छापलेला शर्ट घालून, हातात अवजारांची बॅग घेऊन. खरं तर हा भाग त्याचा नव्हताच. इथला माणूस आजारी पडला म्हणून ऑफिसने हा कॉल त्याच्या गळ्यात मारला होता.

फोनवर ती म्हणाली होती, "मी नवव्या मजल्यावर असते. वारा कसा छान येतो. तुम्ही काय करता?" उभा जन्म लोकांच्या स्वयंपाकघरात गुडघे टेकून काढलेल्या या माणसाच्या तोंडून निघून गेलं, "इंजिनियर आहे. कंपनीत. फिरतीचं काम असतं."

फिरती तेवढी खरी होती. शेजारी जेवत बसलेल्या मुलीने ते ऐकलं आणि ताटातलं अर्धं टाकून ती उठली. तेव्हापासून बापलेकीत धड बोलणं नव्हतं.

तो फ्रिजसमोर उकिडवा बसला. दाराचं रबर फाटलं होतं. हवा आत शिरून फ्रीझरमध्ये बर्फाचा डोंगर साचला होता आणि आता तो फरशीवर उतरत होता.

"रबर बदलावं लागेल," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"घसा बसलाय का हो दादा? थांबा, चहा टाकते."

त्याने नको म्हणून हात हलवला, पण तोवर पातेलं चढलं होतं. काचेच्या कपाटात सोनेरी काठाचे कप ओळीने मांडलेले होते. ते सोडून तिने सिंकखालच्या फळीवरचा कान तुटलेला कप काढला, विसळला आणि चहा ओतून त्याच्यापुढे ठेवला. अच्छा, मेकॅनिकचा कप. असे कप त्याच्या ओळखीचे होते. रविवारी इंजिनियरसाहेब होऊन आलो की सोनेरी काठाचा मिळेल, असं मनात आलं आणि त्याला स्वतःचीच किळस वाटली. पाठ वळवून, मास्क जेमतेम खाली करून त्याने दोन घोटांत चहा संपवला.

"मुलंबाळं?" तिने विचारलं.

"एक मुलगी. लग्न जमतंय."

"अगंबाई! माझ्या मुलाचंही जमतंय." ती ओट्याला टेकून उभी राहिली. "मुलीचे वडील इंजिनियर आहेत. मला मेलीला रात्र रात्र झोप नाही. एवढी शिकलेली माणसं, आपलं काही उणं दिसलं तर?"

तो बर्फावर गरम पाणी ओतत राहिला. कान तापले होते.

"पोरगी मात्र सोन्यासारखी आहे," ती म्हणाली. "फोनवर मला काय विचारते, आई, तुम्ही दमत असाल ना हो? असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं."

त्याच्या हातातला पेचकस निसटून फरशीवर पडला.

नवं रबर बसलं. दार घट्ट लागू लागलं. त्याने मोबाइल काढला. "काम झाल्याचा नंबर आला असेल तुमच्या फोनवर. तो सांगा."

बाई गडबडली. "तो माझ्या फोनवर नाही येत. विचारते." बाल्कनीत जाऊन ती हळू आवाजात बोलली आणि लगेच परत आली. "खालीच पोचलेत. वर येऊन सांगतात."

म्हणजे घरातलंच कुणीतरी. मुलगा आला तर? त्याने आपला फोटो नक्की पाहिला असणार. त्याच्यासमोर चोरासारखं पकडलं जायचं, त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. आणि आता सांगितलं नाही तर या भोळ्या बाईच्या नजरेला नजर आयुष्यात कधी देता येणार नाही.

त्याने मास्क काढला.

"ताई, मीच तो. मुलीचा बाप." आवाज त्याचा स्वतःचा होता. "इंजिनियर वगैरे काही नाही मी. हेच करतो. लाज वाटली म्हणून खोटं बोललो. पण त्यात पोरीचा काही दोष नाही. तिला बोल लावू नका."

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने ओट्याची कड घट्ट धरली. एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे.

"तुम्ही... तुम्ही आधी निघा इथून," ती कसंबसं म्हणाली. "पाया पडते. आत्ता निघा."

निकाल लागला होता. तो खाली मान घालून अवजारं गोळा करू लागला. घरी जाऊन पोरीला कुठल्या तोंडाने सांगायचं?

तेवढ्यात बाहेरून कुलपात किल्ली फिरली. पर्स आणि दोन पिशव्या सांभाळत एक तरुण बाई घाईने आत आली. मेकॅनिकला पाहून तिने मोबाइल पुढे केला. "हा घ्या तुमचा नंबर." मग चपला काढता काढता ती आत वळून म्हणाली, "आणि मावशी, मी आमच्या ह्यांना विचारलं बरं का. रविवारी आम्ही दिवसभर बाहेरच आहोत, तुम्ही मुलीकडच्यांना खुशाल इथे बोलवा. फक्त सकाळी आमचा स्वयंपाक तेवढा लवकर उरकून घ्या."