आप्पांचा पहिला घास

ऐका ना, मी सकाळी फिशटँकचं पाणी बदलायचे, अगदी आरपार दिसायचं, आणि कॉलेजातून येईपर्यंत ते परत दुधाळ! एक मासा मेलाच. दुसरा वर येऊन नुसता तोंड उघडत होता. म्हणून गेल्या आठवड्यात दांडी मारली आणि पडद्यामागे लपले.

दुपारी आमचे आजोबा, आप्पा, जेवायला बसले. पहिला घास उचलून हळूच टँकपाशी गेले आणि दिला आत सोडून. वरणभात! वर तूप!

“आप्पा, हे काय?”

“गावी पहिला घास गाईला द्यायचो. इथे सातव्या मजल्यावर गाय कुठून आणू? मुका जीव उपाशी ठेवून आपण जेवायचं का गं?”

आता यावर काय भांडणार? मी एवढंच सांगितलं, की भाताने पाणी नासतं, मासा गुदमरतो. आप्पांचा चेहराच उतरला.

आता पाणी स्वच्छ आहे, मासा मस्त पोहतोय. आप्पांच्या ताटात मी मिठाशेजारी पहिल्या घासासाठी माशाच्या खाण्याचे दोन दाणे वाढते. आज त्यातला एक जिभेवर ठेवून ते म्हणाले, “अगं, अळणी आहे हे! रोज हेच खातो का बिचारा?”