सहावं बोट

"डोळं फाडून बघ खिजरा! पाय वर आला की बोटं मोजायची!" धोंडुबाईनं शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याच्या बरगडीत कोपर हाणलं.

"तू मोज. मला ठावं हाय. पाच!" खिजर म्हणाला आणि चष्मा सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागला.

थेटरात मुंगी शिरायला जागा नव्हती. सिनेमा सत्तर वर्षांपूर्वीचा, कोल्हापुरातच काढलेला, पण गर्दी अशी की जणू कालच निघालाय. शिरोळची माणसं ट्रॉली भरून आली होती, गडहिंग्लजची पहिल्या एसटीनं. पडद्यावर घोडा दौडला की पब्लिक खुर्च्यांवर उभं राहायचं. संवाद तर नटाच्या आधी लोकच म्हणून टाकत होते.

धोंडुबाईचं चित्त मात्र पाळण्यात. महाराजांच्या बारशाचा तो तुकडा जुन्या रिळांतून कधीच गहाळ झालेला. टीव्हीवर सिनेमा लागायचा तो त्याच्याविनाच. आता कुठल्याशा गोदामात तो सापडला, धुऊनपुसून परत जोडला. आणि त्या पाळण्यात निजलेलं पोर म्हणजे आपणच, हे धोंडुबाई उचगावात जन्मभर सांगत आली होती. तिची आई बाळाबाई स्टुडिओत सेट सारवायला जायची, तान्ह्या लेकीला पाटीत घालून. सिनेमा काढणाऱ्या साहेबांनी पाटीतलं पोर उचललं आणि पाळण्यात ठेवलं. पोरगी असली म्हणून काय झालं? कुंची घातल्यावर कोण बघतंय!

खिजरचं सांगणं वेगळं. त्याचा बाप चमनभाई शूटिंगला घोडे पुरवायचा. "हिनं भोकाड पसरलं, म्हणून हिला काढलं आन् मला घातलं," हे तो चहाच्या गाड्यावर, लग्नाच्या पंगतीत, जिथं चार माणसं दिसतील तिथं सांगायचा. बाळाबाई गेली, चमनभाई गेला. आता निवाडा करायचा तो पडद्यानंच.

कारण धोंडुबाईच्या डाव्या पायाला बोटं सहा. आणि पाळण्यातलं पोर पाय झाडतं, एवढं पहिला खेळ बघितलेली म्हातारी माणसं सांगून गेली होती.

तालमीचा अध्यक्ष सम्राट तबकात भगवा फेटा घेऊन पडद्याशेजारी उभा होता. पाळण्यातलं पोर जे ठरेल त्याला तो मध्यंतरात बांधायचा होता. फेटा एकच. हरेल त्यानं पुन्हा या गोष्टीचं नाव काढायचं नाही, असं दोघांनी चारचौघांत कबूल केलेलं. सासरी, माहेरी, बाजारात धोंडुबाईनं जिच्या जिवावर मान ताठ ठेवली ती ही एकच गोष्ट. खोटी निघाली तर?

सनई वाजली.

"गप बसा रं!" मागून कुणीतरी ओरडलं. पडद्यावर पाळणा आला. फुलांच्या माळा, रेशमी दोरी, आणि कुंचीतलं इवलंसं तोंड. बाल्कनीतल्या बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. पुढच्या रांगेतला एक जण उठला, त्यानं पायातल्या चपला काढल्या. मग दुसरा, मग सगळी रांग. बघता बघता सगळं थेटर अनवाणी उभं. राज्याभिषेकाला लोक उठतात हे तिला ठाऊक होतं, पण इथं तर बारशालाच उठले!

धोंडुबाई कधी उभी राहिली ते तिचं तिलाच कळलं नाही. "आलं! राजं आलं गं बाई!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली आणि कमरेत वाकली. एकदा, दोनदा, तीनदा. शेजारी खिजरही वाकला होता. त्याचा चष्मा खाली पडला तरी त्यानं उचलला नाही. जयजयकारानं पत्रे हादरले. दोघांनी माना वर केल्या तेव्हा पडद्यावर किल्ल्याचा दरवाजा होता.

मध्यंतराचे दिवे लागले.

"किती हुती?" खिजरनं हळूच विचारलं.

"म्या मुजऱ्यात हुते न्हवं! तू बघितलंस की."

"म्हाराज म्होरं आसताना मान वर करून बोटं मोजत बसू व्हय? काय बी बोलतीस!"

दोघं एकमेकांकडं बघत राहिली. मग खिजरला हसू फुटलं, आणि तिलाही आवरेना.

एवढ्यात सम्राट माइक घेऊन आलाच. "आजी, आमी समदी वाकल्यालो, कुणालाच पाय दिसला न्हाय. आता तुमीच सांगा. खिजरचाचा, तुमी बी सांगा. खरं सांगायचं हां! पाळण्यात कोण हुतं?"

खिजरनं धोंडुबाईकडं बोट केलं आणि धोंडुबाईनं खिजरकडं. मग तिनं सम्राटच्या हातातला माइक ओढून घेतला.

"कोण म्हंजे?" ती त्याच्यावरच खेकसली. "म्हाराज हुतं की! दुसरं कोण आसणार?"