नोंद झाली

नव्या डिस्क बसवल्या, डेटाबेस त्यांच्यावर हलवला, तरी नोंदणीचं घोडं पेंड खातच होतं. हॉस्पिटलच्या तळघरातल्या सर्व्हरच्या खोलीत ती सकाळपासून खुर्चीला चिकटून होती, आणि व्यवस्थापक साहेब दारात उभे राहून घसा खाकरत होते. वर नोंदणीची रांग जिन्यापर्यंत आली होती. एवढ्या नव्या डिस्क आणल्या त्या काय लोणचं घालायला, असं त्यांचं दोनदा म्हणून झालं होतं.

तिचं लक्ष तिसऱ्या मजल्यावर होतं. तिथे तिचे बाबा ऑपरेशनची वाट बघत पडले होते. दुपारी कधीही आत नेतील, त्याआधी तिला त्यांच्याजवळ बसायचं होतं. पण साहेबांचा हुकूम होता, रांग सरकल्याशिवाय जागचं हलायचं नाही. आणि बाबांचा निरोप होता, आधी काम उरक, मी काय पळून जातोय.

करण्यासारखं सगळं करून झालं होतं. वेगात फरक पडला होता, पण चिमूटभर. उरली होती एकच गोष्ट. डिस्कवर खरोखर लिहून होईपर्यंत डेटाबेस थांबायचा, आणि मगच पडद्यावर 'नोंद झाली' असं यायचं. ते थांबणं बंद केलं की काम पळायला लागतं. लिहायच्या आधीच 'झाली' म्हणून मोकळं व्हायचं. मात्र तेवढ्यात वीज गेली, तर झाली म्हणून सांगितलेली नोंद कुठेच नसते. चांगल्या डिस्कमध्ये अशा वेळेपुरती वीज साठवलेली असते. खरेदीवाल्यांनी आणल्या होत्या त्या स्वस्तातल्या. यूपीएसच्या बॅटरीने तर कधीच मान टाकली होती, आणि इथली वीज म्हणजे घटकेत आहे, घटकेत नाही.

हे सगळं तिने साहेबांना सांगितलं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पुढे केलं.

तिला कंटाळा आला होता. समजावून सांगायचा, आपलंच बरोबर असण्याचा, सगळ्याचाच. तिने ते थांबणं बंद करून टाकलं. थोड्याच वेळात वरून साहेबांना फोन आला, रांग भराभर सरकायला लागली म्हणून. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचे दात दिसले. जा आता वडिलांकडे, म्हणाले.

बाबा उशीला टेकून बसले होते. हॉस्पिटलच्या ढगळ झग्यात ते निम्मेच उरल्यासारखे दिसत होते.

"झालं काम?" त्यांनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली आणि त्यांच्या पायाशी बसली.

सिस्टर संगणकाची गाडी ढकलत आल्या. कुठल्या औषधाचा त्रास होतो का, हे त्यांना विचारायचं होतं. पेनिसिलिन अजिबात चालत नाही, एकदा त्यापायी यमाच्या दारात जाऊन आलोय, त्याने ओळख दाखवली नाही म्हणून परतलो, असं बाबांनी रंगवून सांगितलं. सिस्टर हसल्या, टाइप केलं, बटण दाबलं. बटणावरून बोट उचलायच्या आत पडद्यावर उमटलं, 'नोंद झाली'.

"आज काय छान पळतंय हो," सिस्टर म्हणाल्या. "आता आत डॉक्टरांना लगेच दिसेल."

तिने सिस्टरच्या खिशातलं पेन घेतलं आणि बाबांच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत ठळक अक्षरांत लिहिलं, पेनिसिलिन नको. बाबा म्हणाले, लहानपणी तुझ्या हातावर मी पत्ता लिहायचो, आज झाली परतफेड. तिला हसू आलं नाही. शेजारच्या खाटेवरची म्हातारी सिस्टरना हळू आवाजात आपलं दुखणं सांगायला लागली होती. पडद्यावर पुन्हा झटकन उमटलं, 'नोंद झाली'. त्या म्हातारीची पोरगी काही तळघरात कामाला नव्हती.

"बाबा, आलेच मी."

"आत्ता तर टेकलीस."

ती जिना उतरून खाली आली. दारातल्या साहेबांना बाजूला सरा म्हणाली, तेही आवाज न चढवता. बंद केलेलं थांबणं पुन्हा सुरू केलं, आणि मधल्या वेळात हवेत राहिलेल्या सगळ्या नोंदी डिस्कवर उतरवायला घेतल्या. वरची रांग जागच्या जागी खिळली. साहेब आधी विनवून, मग ओरडून बोलले. उद्यापासून येऊ नका, असंही म्हणाले. ती पडद्याकडे बघत राहिली. किती लिहून झालं ते दाखवणारी तिथली रेघ मुंगीच्या पावलांनी पुढे जात होती.

"आता का अडलंय?" शेवटी साहेबांनी विचारलं.

"अडलं नाही, साहेब. खरंच लिहितंय."

टेबलावरचा फोन वाजला. वरून सिस्टर बोलत होत्या. ढकलगाडी आली होती, बाबांना आत न्यायला घेतलं होतं. दाराशी गाडी थांबवून बाबा विचारताहेत, पोरीचं काम झालं का म्हणून. काय सांगू?

तिने रेघेकडे पाहिलं. अजून बोटभर उरली होती.

"सांगा," ती म्हणाली, "अजून व्हायचंय."