निळा तुकडा
आई गेल्यापासून झाकलेला तिचा इलेक्ट्रिक ऑर्गन लेकीने उघडला, तर आवाज लहान-मोठा करणारं पेडल खरखरलं. निवृत्त फिटर असलेल्या बाबांनी ते खोललं, धूळ पुसली, झिजलेली दोरी बदलली. पायपट्टीखाली चिकटवलेला निळा रबरी तुकडा दिसला. "हा कंपनीचा नाही," बाबा म्हणाले. "म्हणूनच पेडल निम्म्यावर अडायचं होय," लेक म्हणाली. बाबांनी रबर ओळखलं. कुत्र्याने पळवली असं बायकोने सांगितलेली त्यांचीच चप्पल. लग्नाच्या वर्षी रात्रपाळीहून येऊन ते ऑर्गन वाजवणाऱ्या तिच्यावर खेकसले होते, "माणसाला झोपू देशील की नाही?" पुढे तीस वर्षं नदीपलीकडून आल्यासारख्या सुरांत गाढ झोपले. त्यांना वाटायचं, वाद्याचा आवाजच एवढा. त्यांनी तुकडा सोलून खिशात घातला, पेडल जोडलं. "पडा तुम्ही, हळू वाजवते." "पेडल पूर्ण दाब," म्हणत ते आडवे झाले. घर सुरांनी काठोकाठ भरलं. बाबा टक्क जागे राहिले.