गालांवर चार्ज होणारा मास्क

रंगनाथ तंबूत रात्रभर गाढ झोपला. सकाळी मात्र आदल्या रात्री काही घडलंच नाही, अशा थाटात सगळं सासर पोहे खात होतं.

झोपेत त्याचा श्वास अडकायचा. जंगलात वीज नाही, म्हणून त्याने लाजेने तापलेल्या गालांवर चार्ज होणारा श्वासाचा मास्क आणला होता. निजण्याआधी त्याला लाजवायला सगळ्यांनी हौसेने मदत केली.

"भावजी लग्नात घोड्यावरच घोरले होते!" मेहुणा म्हणाला. हशा पिकला. गाल कोमटच राहिले.

मग त्याची बायको मंजिरी हळूच म्हणाली, "मी रोज ह्यांचा श्वास ऐकत जागी राहते. सकाळी हे मला आळशी म्हणतात."

मास्क क्षणात फुल्ल झाला. त्या रात्री मंजिरीही झोपली.

पोह्यांची बशी खाली ठेवून रंगनाथ तिला म्हणाला, "आजवरचे सर्व 'आळशी' इतिवृत्तातून वगळण्यात यावेत, ही नम्र विनंती."