शके १८७५

फाईलच्या पुठ्ठ्यावर १९५३ हा आकडा कुठंच नव्हता. 'शके १८७५' एवढंच लिहिलेलं, तेही विटलेल्या शाईत. सत्यशीलानं मनातल्या मनात अठ्ठ्याहत्तर मिळवले आणि ती खुर्चीवरून उठलीच.

"उकंडाभाऊ, ही फाईल कोणी पाहिलीच नाही का आजवर?"

"जुने पेपर मांगते कोन, ताई?" ग्रंथालयाच्या उकंडाभाऊंनी फडक्यानं धूळ झटकली आणि फाईल तिच्यासमोर ठेवली. "पानं हळू पलटा. तुकडे होते."

राळेगावच्या शाळेत शिकवणारी सत्यशीला तीन वर्षं दर शनिवारी एसटीनं यवतमाळला येत होती. तालुक्यातल्या पाणवठ्यांवर तिचा प्रबंध होता आणि नरहर सर तिचे मार्गदर्शक. तिच्या आजीच्या गावची विहीर त्रेपन्नच्या उन्हाळ्यात सगळ्यांना खुली झाली, याबद्दल वाद नव्हता. कशी झाली, हा प्रश्न होता. सरांच्या पुस्तकात होतं, की त्यांचे वडील विनायकराव यांनी खालच्या वस्तीतल्या बायांना मानानं बोलावलं आणि पहिली घागर स्वतः उचलून दिली. आजी सांगायची, कोनी बलावलं नाही, आमीच गेलो अन् मार खाल्ला. सरांनी प्रबंधातल्या आजीच्या परिच्छेदाशेजारी हिरव्या शाईनं लिहिलं होतं, 'कागदोपत्री आधार नाही. वगळावे.' त्या वर्षीच्या इथल्या साप्ताहिकाची फाईल पाहू का, असं तिनं विचारलं, तेव्हा म्हणाले होते, "ती फाईल वाळवीनं खाल्ली. मी स्वतः जाऊन पाहिलंय."

तिनं परिच्छेद वगळला होता.

या फाईलला वाळवीचं एक भोकही नव्हतं. पुठ्ठ्यावर फक्त शक असल्यानं सरांनी चुकून दुसरीच फाईल पाहिली असणार, असंच तिला वाटलं. त्यांना किती आनंद होईल, या विचारानं ती हसलीसुद्धा.

वैशाखाच्या अंकात पान तीनवर बातमी होती. 'सार्वजनिक विहिरीवर हरिजन स्त्रियांस मारहाण. सात जखमी.' खाली नावं दिली होती. पाचवं नाव आजीचं: पंचफुला, वय ११, डावा हात मोडला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की लाठ्या घेऊन आलेल्या जमावाच्या पुढे गावचे विनायकराव होते.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. नीट वाचता यावी म्हणून पान सपाट केलं, तेव्हा शिवणीत दडलेली एक चिठ्ठी वर आली. ग्रंथालयाची मागणी चिठ्ठी. साप्ताहिकाचं नाव, शके १८७५, नोव्हेंबर २००२ ची तारीख आणि खाली हिरव्या शाईतली सही. ती सही तिच्या प्रबंधाच्या प्रत्येक प्रकरणावर होती. सरांचं पुस्तक २००३ साली निघालं होतं.

शोध कसा घ्यायचा, हे तिला याच माणसानं शिकवलं होतं. शकाचं साल कसं काढायचं तेही. शिष्यवृत्ती अडली तेव्हा ते स्वतः विद्यापीठात जाऊन बसले होते. त्यांच्या पत्नीनं, रजनीकाकूंनी, तिला कधी उपाशीपोटी घराबाहेर पडू दिलं नव्हतं.

मग व्हरांड्यात जाऊन तिनं फोन लावला.

"सर, त्रेपन्नची फाईल मिळाली."

तिनं लगेच पुढचंही सांगितलं.

"तुमची चिठ्ठी आहे आत. पान तीनवर."

"सत्यशीला," सर सावकाश म्हणाले, "ते पुस्तक मी वडिलांना अर्पण केलंय. ते शेवटच्या आजारात होते तेव्हा. त्यांना काय वाचून दाखवणार होतो मी?"

"मग मला वाळवी का सांगितली?"

"मी आहे तोवर थांब. माझ्यानंतर तू हवं ते छाप, माझी हरकत नाही."

"आजी त्र्याऐंशीची आहे, सर."

"हे घालणार असशील तर मार्गदर्शक म्हणून माझी सही मिळणार नाही. तीन वर्षं वाया जातील तुझी. विचार कर."

"मी आजीला तोंडावर म्हटलं होतं, तुले बरोबर आठवत नसन," सत्यशीला म्हणाली. "तुमच्या शब्दावर म्हटलं होतं. सही नका करू, सर."

तिनं फोन ठेवला. आत येऊन बातमीचे फोटो काढले, चिठ्ठीचाही एक काढला. चिठ्ठी होती त्याच पानात ठेवून तिनं वहीत संदर्भ उतरवला: साप्ताहिकाचं नाव, अंक, तिथी, पान, स्तंभ. त्याखाली मार्गदर्शक बदलण्याच्या अर्जाच्या दोन ओळी लिहिल्या आणि मग आजीला फोन केला.

"आजी, सापडलं वं. विहिरीचं. पेपरात छापून आलतं. तुह्यं नाव हाये त्यात."

"हाताचं लिहिलं का त्यायनं?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"लिहिलं. डावा हात मोडला म्हून लिहिलं." सत्यशीलानं सांगितलं. "तू सांगत होती ते सारं खरं होतं, आजी."

"मले कायले सांगून राह्यली, पोरी?" आजी म्हणाली. "मी तं तिथंच होती."