काचेतलं काळीज

"दादा, भोक कुठंय?"

बहिणीनं काचेचा ठोकळा खिडकीच्या उजेडात धरून चारी बाजूंनी फिरवला. आत तिच्या चार वर्षांच्या लेकीचं हृदय होतं, इवल्या मुठीएवढं, हजारो पांढऱ्या ठिपक्यांचं. त्यातल्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून भोक होतं. परवा डॉक्टर ते शिवणार होते. टाके कुठे घालायचे ते या ठोकळ्यावरून ठरणार, म्हणून कालचा ताजा स्कॅन थेट मामाच्या कारखान्यात आला होता.

मामानं ठोकळा डोळ्यांजवळ नेला. पडदा अखंड होता.

वीस वर्षं हाच धंदा. लेझरचा किरण काचेला वरून ओरखडाही न काढता आत शिरतो आणि नेमक्या जागी बारीक चीर पाडतो. ती चीर म्हणजे एक ठिपका. अशा ठिपक्यांतून नवरा-नवरी, आजोबा, मांजरं, सगळं उभं राहतं. पण आकृतीत कुठे भोक राहिलं, की गिऱ्हाईक नाक मुरडतं. म्हणून कोरण्याआधी भोकं बुजवायची, असं त्यानं कॉम्प्युटरला कायमचंच सांगून ठेवलेलं.

"मीच बुजवलं गं! नेहमीच्या सवयीनं. अक्कल कुठे चरायला गेली होती माझी!"

बहीण ओरडली. "अरे, यावर विसंबून ते पोरीला कापणार होते!"

त्यानं त्या कामाची नोंद उघडली. वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. बुजवलेली भोकं : शून्य.

मग मूळ स्कॅन उघडला. भोक त्यातही नव्हतं. आता मात्र त्यानं तडक डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, भोक मीच मूर्खानं बुजवलं असं वाटलं, पण ते स्कॅनमध्येही नाही. दुसऱ्याच कुणाचा स्कॅन तर नाही ना आला?"

डॉक्टर सकाळपासून ऑपरेशनमध्ये होते. स्कॅन त्यांनी अजून पाहिलाच नव्हता. "थांबा जरा," ते म्हणाले. मिनिटभर नुसती कळफलकाची टकटक. बहिणीनं भावाचा दंड घट्ट धरला होता.

"स्कॅन तिचाच आहे." डॉक्टरांनी मोठ्ठा श्वास सोडला. "वाढत्या वयात कधीकधी होतं असं. परवा ऑपरेशन नाही. आणि मामा, उगाच स्वतःला शिव्या देऊ नका. भोक तुम्ही नाही, पोरीनंच बुजवलंय."